पंढरीच्या वाटेने ख्रिस्ताकडे

बार्शीत चार वर्षं काढायची आणि बार्शी लाइट रेल्वेचं नाव ऐकायचं नाही, हे शक्यच नाही! सिव्हिलवाले ते अभिमानाने सांगतात आणि मेकॅनिकलवाले त्याहून जास्त अभिमानाने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी गेजची गाडी सुरू केली. मोठ्या लाइनची छोटी नक्कल त्याने केली नाही. इथली जमीन, इथला माल आणि हाताशी असलेला पैसा बघून त्याने रूळ, डबे आणि इंजिन यांचा नवा मेळ घातला. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हा त्याचा नियम. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाऊ लागला. १९०६ साली हीच लाइन पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची मोठी सोय झाली.

पण हा लेख रेल्वेवर नाही. तो आहे एका कवीवर. या कवीच्या आयुष्याला कलाटणी मिळाली तीही रेल्वेच्या डब्यातच, आणि त्याच्यापुढचा प्रश्न थोडाफार कॅलथ्रॉपसारखाच होता. बाहेरून आलेली गोष्ट इथल्या मातीवर चालवायची कशी? तिकडची नक्कल करून, की इथलं सगळं नीट बघून?

त्या कवीचं नाव नारायण वामन टिळक. मराठी माणूस त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतो. टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्यच आठवतात, आणि त्यात काही चूक नाही. पण त्याच काळात, रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले हे दुसरे टिळकही होते. त्यांनी तुरुंगवास भोगला नाही, पण घर, जात, मित्र आणि मानमरातब हे सगळं एका निर्णयासाठी पणाला लावलं.

६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव इथे त्यांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट. आई जानकीबाई मात्र मायाळू आणि भक्तिमार्गी. नारायणाचा सगळा जीव आईवर. तो अजून शाळकरी वयाचा असतानाच आई गेली आणि त्याचं घरातलं मन उडालं. मुलगा घर सोडून नाशिकला आला. खिशात पैसा नाही, ओळखपाळख नाही. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू भेटले आणि त्यांच्याजवळ त्याने संस्कृत शिकून घेतले. थोडे इंग्रजीही शाळेत जाऊन गिरवले. पदवी वगैरे काही नाही. पण आईच्या जाण्याने पडलेला खड्डा काही भरला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे लवकरच लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय जेमतेम अकरा. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. संसार म्हणावा तर तोही धड नव्हता. टिळक आज इथे तर उद्या तिथे. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात नोकरी. हातात पैसा आला की तो वाटेतल्या गरजूला देऊन मोकळे! घरी बायको वाट बघतेय, चूल पेटायची आहे, याचं भान नाही. थोरामोठ्यांच्या चरित्रात असले प्रसंग आपण कौतुकाने वाचतो, पण त्या घरात राहणाऱ्या बाईचं काय होत असेल, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलंय. वाचताना आपणही हसतो आणि मग एकदम गप्प होतो.

नागपूरला आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. तिथेच 'ऋषि' नावाचे मासिक चालवले. धर्म सुधारला पाहिजे, जातिभेद गेला पाहिजे आणि त्याशिवाय देश उभा राहणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. नवा धर्मच काढावा की काय, इथपर्यंत विचार चालले होते. म्हणजे माणूस आधीपासूनच अस्वस्थ होता. ख्रिस्ती धर्म त्यांच्याकडे कुणी पैशाचे आमिष दाखवून आणला नाही.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, तो वाचायचा असे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण वचन दिले होते ना! त्यांनी वाचायला सुरुवात केली. आरंभी काही रस वाटेना. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. शत्रूवर प्रेम करा, दुसरा गाल पुढे करा, दीनांचा देव हाच खरा देव... वर्षानुवर्षे जे प्रश्न छळत होते त्यांची उत्तरे त्यांना तिथे दिसली. डब्यातल्या त्या प्रवाशाचे नाव मात्र त्यांना कधीच कळले नाही.

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आज आपण हे एका ओळीत वाचतो. पण १८९५ साली एका ब्राह्मण पंडिताने हे करणे म्हणजे काय, याची कल्पना करा. नातेवाइकांच्या दृष्टीने माणूस मेल्यातच जमा. सगळ्यात मोठा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. त्यांना आधी काही सांगितलेले नव्हते. नवरा जिवंत आहे, पण त्याच्याबरोबर राहता येत नाही. पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. नातलगांनी त्यांना पंढरपूरला बहिणीच्या घरी नेले. म्हणजे आपल्या बार्शीपासून हाकेच्या अंतरावर! पंढरपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. विठोबाच्या गावात ही बाई दुःख गिळत दिवस काढत होती आणि तिकडे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) तिचा नवरा नव्या धर्माच्या शाळेत शिकवत होता. दोघांमध्ये पत्रे जात होती, भांडणे होत होती, पण धागा तुटला नाही. याच काळात लक्ष्मीबाईंनी कविता करायला सुरुवात केली.

चार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या. पण सोवळे सोडले नाही. आपले पाणी वेगळे, आपला स्वयंपाक वेगळा. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हे मला फार मोठे वाटते. ज्या विश्वासासाठी सगळे सोडले, तोच विश्वास बायकोवर लादायचा नाही! हळूहळू लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच पटले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. १९०० साली त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला.

आता कवितेकडे येऊ.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाणी बहुतेक भाषांतरित असायची. शब्द मराठी, पण चाल विलायती. मराठी शब्दांचे आघात तिकडच्या चालीत बसवताना ओढाताण व्हायची. खेड्यातला माणूस ऐकायचा आणि त्याला वाटायचे, हा साहेबाचा देव आहे, आपला नव्हे. ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग नगर भागात आधी झाले होते. त्याहीआधी, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या पाद्रीने चक्क मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले होते. ते १६१६ साली छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या! पण ती वाट मधल्या काळात जवळजवळ बुजून गेली होती.

टिळकांनी ती पुन्हा मोकळी केली. त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. एक म्हणजे मिशनला हवी तशी भाषांतरे करून द्यायची. दुसरा म्हणजे धर्म रविवारपुरता ठेवायचा आणि कविता वेगळी लिहायची. त्यांनी दोन्ही टाळले. त्यांचे म्हणणे असे की मी तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. मग पलीकडे पोचल्यावर पूल जाळायचा कशाला? त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजने लिहिली, स्वतः उभे राहून कीर्तने केली. टाळ-मृदंगाच्या साथीने गाता येईल अशी शंभरांनी मोजावी इतकी भजने त्यांनी रचली. ती मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

आणि आता तो आईचा खड्डा आठवा. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त हा सिंहासनावरचा राजा क्वचितच असतो. तो असतो माउली. कडेवर घेणारा, रागावणाऱ्या लेकराची समजूत काढणारा. वारकरी विठोबाला विठाई म्हणतात, ज्ञानोबांना माउली म्हणतात, तशीच ही हाक. पाश्चात्त्य चर्चच्या गाण्यात ही हाक सहसा सापडायची नाही. ती आली कुठून? एक तर पंढरीच्या वाटेवरून, आणि दुसरे म्हणजे एका पोरक्या मुलाच्या मनातून. मला वाटतं, श्रद्धा कलेला मार्ग दाखवते म्हणजे काय, ते इथे कळतं. श्रद्धेने टिळकांना विषय पुरवला एवढंच नाही. आतली सगळ्यात जुनी जखम ज्याच्यापुढे उघडी करावी, असा कुणीतरी तिने त्यांना दिला.

त्यांची सगळी कविता धार्मिक नाही, हेही सांगायला हवं. त्यांना फुलामुलांचा कवी म्हणतात ते उगाच नाही. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपल्या आजीआजोबांना विचारून बघा. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे येते, ती गोष्ट सांगताना अजूनही त्यांचा आवाज बदलतो. 'वनवासी फूल' मध्ये कवी रानातल्या एका फुलाशी वाद घालतो, की एकटे राहावे की जगात मिसळावे. देशप्रेमाच्या कविताही पुष्कळ. ख्रिस्ती झालो म्हणजे हिंदी राहिलो नाही, हे त्यांना कधीच मान्य नव्हते. मराठी कवितेच्या इतिहासात केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज, बालकवी यांच्यासोबत आधुनिक कवींच्या पंचकात त्यांचे नाव घेतात, ते या कवितेमुळे.

अर्थात सगळंच सोनं आहे असं नाही. काही कवितांत उपदेश कवितेच्या खांद्यावर बसतो आणि ओळी जड होतात. धर्मासाठी लिहिणाऱ्याला हा धोका नेहमीच असतो. सांगायचे आधी ठरलेले असले की शोधायचे राहून जाते. टिळक जिथे सांगतात तिथे ते आपल्याला लांबचे वाटतात. जिथे हाक मारतात, रडतात, लाडात येतात, तिथे वाचणारा कुठल्याही धर्माचा असो, तो थांबतो.

१९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कविता म्हणून गेला आणि बालकवी ही पदवी घेऊन आला. टिळकांनी त्याला ओळखले आणि पुढे नगरला आपल्या घरात मुलासारखे ठेवले. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे काढले. बालकवी ख्रिस्ती झाला नाही आणि त्या घरातली त्याची जागाही त्यामुळे कमी झाली नाही. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. टिळकांच्या आयुष्यात रेल्वेने एकदा दिले आणि एकदा नेले.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, म्हणून रेव्हरंड. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ पासून चालू होते. टिळक आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याचा मराठी भाग सांभाळत. पगार होता, मान होता, राहायला घर होते. पण मन पुन्हा अस्वस्थ! मिशनचा पैसा आणि मिशनची शिस्त यांच्या आधाराने उभा असलेला धर्म परकाच दिसणार, असे त्यांना वाटू लागले. १९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही यावा. चर्चमधल्या अनेकांना हे रुचले नाही आणि बाहेरच्यांना पटले नाही. म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा ते आपल्याच माणसांपासून दूर उभे राहिले.

तब्येतीने मात्र साथ दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती रीत पुरण्याची, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला. जन्मभर जे कवितेतून सांगितले, तेच मरणानंतरही. मी ख्रिस्ताचा आहे, आणि मी इथलाच आहे. दरबार पुढे फार काळ टिकला नाही.

एक मोठे काम अर्धवट राहिले. १९०९ पासून ते 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य ओवीत लिहीत होते. दहा-अकरा अध्यायच झाले. मग ते कोणी पुढे नेले असेल? ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, जिला जोडाक्षरे वाचताना अडखळायला व्हायचे, जी नवरा ख्रिस्ती झाला म्हणून पंढरपुरात रडत बसली होती, त्या लक्ष्मीबाईंनी! साठांहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. १९३६ साली त्या गेल्या आणि शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्ताने, म्हणजे त्या पंढरपूरच्या दत्तूने, लिहून पुरा केला. नवरा, बायको आणि मुलगा यांनी मिळून लिहिलेले महाकाव्य माझ्या तरी दुसरे वाचनात नाही. आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर आज मराठीतले सर्वोत्तम आत्मचरित्र म्हणून वाचतात. काही जण म्हणतात, बायको नवऱ्यापेक्षा मोठी लेखिका ठरली. टिळकांना याचा आनंदच झाला असता असं वाटतं.

आता तुम्ही विचाराल, इंजिनिअरिंगच्या मुलांना हे कशाला? आपल्यापैकी कुणी कविता लिहितो, कुणी तबला वाजवतो, कुणी रात्री जागून स्वतःचं काहीतरी बनवत बसतो. आणि प्रत्येकाच्या आत कसला तरी विश्वास असतो. कुणाचा देवावर, कुणाचा माणसावर, कुणाचा विज्ञानावर. आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. विश्वास घरी, काम कॉलेजात. टिळकांनी कप्पे ठेवले नाहीत, आणि त्याची किंमत मोजली. त्यातली बरीचशी त्यांच्या माणसांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. पण नवा विश्वास घेताना त्यांनी आपली भाषा, आपली चाल, आपल्या आईची आठवण टाकून दिली नाही. उलट ती सगळी बरोबर नेली.

एकादशीला पंढरपूरला गेलेले लोक द्वादशीला आपल्या बार्शीत भगवंताच्या दर्शनाला येतात. पुढच्या वेळी ती गर्दी दिसली, टाळांचा आवाज आला, तर जरा थांबून ऐका. त्याच चालीवर नगरच्या एका घरात एक माणूस ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारत होता. आणि सबमिशन झाल्यावर लायब्ररीतून 'स्मृतिचित्रे' घ्या. व्हायवाला उपयोग होणार नाही, पण तुम्हाला होईल!